समर्थ येणार नाहीत

मराठी भयकथेला सध्या संपादक नाही. लेखक भरपूर आहेत, वाचकांचा तुटवडा कधीच नव्हता आणि छापखानाही आता लागत नाही. नाही तो फक्त एक माणूस, जो हस्तलिखित परत करताना म्हणे, "शेवटची दोन पाने काढा, भीती त्याआधीच संपली आहे." ही तक्रार आहे, पण अर्धीच. तो माणूस गेल्याने काही बिघडले, तसे काही मोकळेही झाले. लेखकांनी स्वतःच प्रसिद्ध केलेल्या भयकथा आणि लघुकादंबऱ्या मी अलीकडे ज्या चवीने वाचतो, त्या चवीने नामवंत प्रकाशनांची पुस्तके वाचतोच असे नाही.

यवतमाळ जिल्ह्यात हे वाचन बहुतांशी मोबाइलवरच होते. वणी, पुसद, दारव्हा किंवा पांढरकवड्याच्या पुस्तकांच्या दुकानात शालेय पुस्तके असतात, स्पर्धा परीक्षांचे ठोकळे असतात, पोथ्या असतात. कथासंग्रह मागितला तर 'मागवून देऊ' असे उत्तर मिळते. एकेकाळी ही गरज भाड्याने पुस्तके देणारी वाचनालये भागवत. नारायण धारप आणि बाबूराव अर्नाळकर खेडोपाडी पोहोचले ते त्यांच्याच जोरावर. पुढे ती वाचनालये आटली. मग २०१४ मध्ये 'प्रतिलिपि' आले, २०१६ च्या डिसेंबरात किंडलने मराठी पुस्तकांना दार उघडले, आणि ई-साहित्य प्रतिष्ठान तर फुकटच पुस्तके वाटत होते. पुण्यात रात्री अकराला आलेली कथा घाटंजीत अकरालाच वाचता येऊ लागली. मराठी साहित्याच्या इतिहासात वऱ्हाडला असे बरोबरीने क्वचितच वाढले गेले आहे.

संपादक नाही म्हणजे नेमके काय गेले, हे कळायला 'नवल' आठवावे लागते. अनंत अंतरकरांनी 'हंस' आणि 'मोहिनी'च्या जोडीला हे मासिक काढले आणि गूढ, भय, विज्ञान, अद्भुत या सगळ्यांना एक प्रतिष्ठित घर मिळाले. 'धनंजय'च्या दिवाळी अंकाने रहस्यकथेसाठी तेच केले. या अंकांना पानांची मर्यादा होती, आणि तिचा लेखकाला होणारा उपयोग आपण नीट ओळखला नाही. ठरलेल्या पानांत कथा बसवायची म्हणजे भूत कधी दाखवायचे आणि किती दाखवायचे, याचा हिशेब करावाच लागे.

आजच्या लेखकाला ती मर्यादा नाही. उलट त्याला आमिष आहे ते लांबवण्याचे. मोबाइलवरच्या वाचनाची चाल भागाभागांची असते: भाग एक, भाग दोन, आणि पुढे वाचक टिकला तर भाग चाळीस. प्रत्येक भागाच्या शेवटी दार वाजते, दिवे जातात, कोणीतरी खांद्यावर हात ठेवते. पुढच्या भागात कळते की हात भावाचा होता. असे तिसऱ्यांदा झाले की वाचक घाबरायचे सोडून देतो आणि फक्त पुढे काय, एवढ्यासाठीच वाचतो. एडगर ॲलन पो याने १८४६ मध्येच सांगून ठेवले होते की, ज्या लेखनाला एकसंध परिणाम साधायचा आहे ते एका बैठकीत वाचून व्हायला हवे. भीतीला हे सर्वांत जास्त लागू पडते. रात्री वाचून सकाळी कामाला गेलेला माणूस दुसऱ्या रात्री परत येतो तेव्हा तो पुन्हा धीट झालेला असतो.

म्हणूनच स्वतंत्र भयलेखनातले चांगले जे आहे ते मला दोन टोकांना सापडते. एक म्हणजे सात-आठ पानांची कथा, जी एक गोष्ट सांगते आणि थांबते. दुसरी म्हणजे शंभरेक पानांची लघुकादंबरी. ही दुसरी लांबी भयाला फार मानवते. हेन्री जेम्सची १८९८ ची 'द टर्न ऑफ द स्क्रू' त्याच मापाची आहे. मराठीत हृषीकेश गुप्ते यांनी 'हाकामारी' आणि 'काळजुगारी' या लघुकादंबऱ्यांतून हे माप पुन्हा मानाचे केले. रात्री हाक मारणाऱ्या बाईची लोकसमजूत घेऊन एवढ्या पानांत किती खोल जाता येते, हे त्यांनी दाखवले. त्यांची पुस्तके प्रतिष्ठित प्रकाशनांची आहेत, पण स्वतंत्रपणे लिहिणाऱ्यांनी शिकायचे असेल तर तिथेच शिकावे. अडचण एवढीच की प्रकाशकाला शंभर पानांचे पुस्तक 'बारीक' वाटते आणि भागांच्या बाजारात ते लवकर संपते. ही लांबी खरोखर परवडते ती स्वतःच पुस्तक काढणाऱ्यालाच.

आता मोकळे काय झाले ते. धारपांच्या 'समर्थ' कथा वाचताना वाचक घाबरत असे, पण एका विश्वासाने: समर्थ येतील. सैतान कितीही प्रबळ असो, शेवटी तो ज्ञानी, शांत माणूस उभा राहील आणि घर पुन्हा घर होईल. धारपांचे अरिष्ट बहुधा बाहेरून येते, आणि खरेच बाहेरून येते. 'लुचाई'ची मुळे स्टीफन किंगच्या 'सालेम्स लॉट'मध्ये आहेत, 'शपथ'ची त्याच्याच 'इट'मध्ये. रत्नाकर मतकरींनी ते घरात आणले. त्यांच्या गूढकथेत संकट नात्यांतून, अपराधातून, लपवलेल्या इच्छेतून उगवते, आणि सोडवायला सहसा कोणी येत नाही. तरीही मतकरींची कथा हातात घेतली की वाचकाला एक खात्री असे: शेवट बेतलेला असेल, धक्का बसेल आणि तो चोख असेल.

स्वतंत्र कथेत ही खात्रीच नाही. लेखकाचे नाव ओळखीचे नाही, मुखपृष्ठ कुठून तरी उचललेले, पहिल्या परिच्छेदात शुद्धलेखनाच्या चार चुका. ही कथा कुठे जाईल याचा काहीही अंदाज नसतो. ती पाचव्या पानावर फसू शकते, विनोदी होऊ शकते, आणि कधी कधी अशा जागी नेऊन सोडते की सराईत लेखक तिथे कधी गेलाच नसता. मला आनंद मिळतो तो या बेभरवशाचा. भयाच्या प्रांतात कसब ही संशयास्पद गोष्ट आहे. फार सफाईने सांगितलेली भुताची गोष्ट आपण कौतुकाने ऐकतो, भीतीने नाही.

राही अनिल बर्वे यांच्या 'तुंबाड' (२०१८) या चित्रपटाचा उगमही असाच आहे. १९९३ मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने त्यांना धारपांची एक गोष्ट तोंडी सांगितली आणि ती त्यांच्या डोक्यातून गेली नाही. म्हणजे ठिणगी पडली ती विदर्भाच्या रानात, रात्री, कोणाच्या तरी तोंडून. चित्रपट मात्र कोकणात गेला.

आणि इथेच माझी मुख्य तक्रार सुरू होते. मराठी भयकथा कोकणात अडकून पडली आहे. वाडा, माजघर, विहीर, मागच्या परसातले पिंपळाचे झाड, पावसाची झड. शहर असेल तर जुनी इमारत आणि रिकामा फ्लॅट. रस्ता असेल तर घाट, आणि घाटात हात दाखवणारी पांढऱ्या साडीतली बाई. विदर्भात बसून लिहिणाराही भूत आणायचे ठरले की मनाने रत्नागिरीच्या एस.टी.त बसतो. वास्तविक त्याच्या दारापुढे काय नाही?

यवतमाळचा शेतकरी रात्री शेतात जातो. हौसेने नव्हे, पंपाची लाइन रात्रीची असते म्हणून. थ्री फेज आली की उठायचे, बॅटरी घ्यायची, ओल्या मातीत उतरायचे. पीक उभे असेल तर रानडुकरे आणि रोही यांच्यासाठी जागलीला बसायचे. गोष्टी सांगायची जुनी जागा तीच, आणि आजही तीच. मचाणावरून दिसते तेवढेच जग असते आणि बाकीचा सगळा अंधार आवाज करत असतो. चकवा लागलेला माणूस पहाटेपर्यंत स्वतःच्याच वावराभोवती फिरत राहतो, ही गोष्ट इथे कोणी भुताची म्हणून सांगत नाही; नात्यातल्या कोणाची तरी आठवण म्हणून सांगतात. पलीकडे सागाची जंगले, कोलामांचे पोड, टिपेश्वरचे अभयारण्य. वणीच्या कोळसा खाणींत रात्रपाळी. यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणाऱ्या 'शकुंतले'चे नॅरोगेज रूळ, ज्यांच्यावरून आता गाडी येत नाही. एखाद्या इंग्रजी लेखकाला यातले फक्त ते रूळ दिले असते तर त्याने नाताळात सांगायच्या भुताच्या गोष्टींवर मोसमभर कमाई केली असती.

आणि २०१६ ते २०१८ ही वर्षे. पांढरकवडा वनविभागात टी-१, म्हणजे अवनी, या वाघिणीच्या नावावर तेरा माणसांचे बळी लागले. राळेगाव तालुक्यात लोक घोळक्याने शेतात जात, दिवस मावळायच्या आत परतत. तिला हुडकायला ड्रोन आले, श्वानपथके आली, हत्ती आले. शेवटी तिला ओढून आणण्यासाठी दुसऱ्या वाघिणीचे मूत्र आणि कॅल्विन क्लाइनचे 'ऑब्सेशन' हे अत्तर रानात शिंपडले गेले. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीजवळ ती मारली गेली आणि वाद आजही शमलेला नाही. वाघीण दोषी की माणूस, हा वाद मी भयकथेवर सोपवत नाही. मला एवढेच दिसते की विदर्भाच्या काळोख्या सागवनात परदेशी अत्तराचा वास येतो आहे आणि झुडपामागे कोण आहे ते ठाऊक नाही, हे दृश्य कुठल्याही वाड्याच्या माजघरापेक्षा भयंकर आहे. ते कल्पनेने रचावेही लागत नाही. तरी ज्या कथेत ते नीट उतरले आहे अशी कथा मला अजून भेटलेली नाही.

२०१७ च्या फवारणीचेही तेच. कपाशी डोक्याएवढी वाढलेली, औषध अंगावर उडते आहे, संध्याकाळी डोळ्यांपुढे धूसर. त्या हंगामात जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेने दगावले. त्यावर वृत्तांत झाले, चौकश्या झाल्या. भयकथा व्हायला हवी होती, कारण शरीर आतून परके होत जाणे हा भयाचा सर्वांत जुना विषय आहे. मात्र इथे भीती वाटते ती लेखकाचीच. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याचे भूत सावकाराच्या छातीवर बसवून टाळी घेणे फार सोपे आहे. असली कथा वाचून न्याय झाल्यासारखे वाटते आणि कोणालाच काही होत नाही.

त्याहून मोठी खटकणारी गोष्ट आहे ती करणी-भानामतीच्या कथांची. स्वतंत्र भयलेखनात या कथांचा भरणा आहे, आणि त्यांत गावाने जिच्यावर संशय घेतला ती एकटी बाई शेवटी खरोखरच चेटकीण निघते. मग मांत्रिक येतो आणि सगळे मार्गी लावतो. धारपांचे समर्थ अशा रीतीने कवड्यांची माळ घालून परत आले आहेत. ज्या राज्यात २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, आणि तोही डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर, तिथे ही रचना निव्वळ करमणूक उरत नाही. मी हे अंधश्रद्धा निर्मूलनाच्या भूमिकेतूनच म्हणतो असे नाही. कथा म्हणूनही ती दुबळी आहे. अख्खे गाव एका बाईकडे बघू लागते आणि तिचे चुकले काहीच नाही, यात जे भय आहे त्याच्यापुढे चेटकीण ही सुटका वाटते.

भाषेचेही एक कोडे आहे. कोणी दुरुस्त करणारा नसल्याने हे लेखक हवे तसे लिहायला मोकळे आहेत. पण निवेदन येते ते दूरदर्शनच्या बातम्यांच्या मराठीत, आणि वऱ्हाडी बोलतो तो फक्त नोकर किंवा बावळट मित्र. वऱ्हाडीला आपण हसण्यासाठी राखून ठेवले. यवतमाळच्या शंकर बड्यांनी तिला रंगमंचावर अफाट लोकप्रियता दिली, तिच्यात हसवताना रडवताही येते हे दाखवले. नंतरच्यांनी तेवढे हसूच उचलले. उद्धव शेळक्यांनी १९६० मध्ये 'धग'मध्ये याच बोलीत एका बाईच्या आयुष्याची राख होताना दाखवली होती. जी बोली तेवढा शोक पेलते तिला भीती का पेलणार नाही? "मी नाई येत बापा तिकडं" हे साधे वाक्य म्हाताऱ्याने संध्याकाळी मान न वळवता म्हटले तर पुढे वर्णन करायला काही उरत नाही.

या साऱ्या लेखनाचे पुढे काय होते? बहुतेक वेळा ते नाहीसे होते. लेखक खाते बंद करतो, कथा काढून घेतो, नाव बदलून पुन्हा टाकतो, किंवा नोकरी लागते आणि लिहिणे सुटते. छापील पुस्तकाच्या प्रती ठरावीक ग्रंथालयांकडे पाठवण्याचे बंधन १९५४ च्या कायद्याने प्रकाशकावर घातले. तो कायदा कागदाच्या काळात लिहिला गेला आणि मोबाइलवर जन्मलेल्या कथेची आठवण त्याला कशी असणार? अर्नाळकरांची जीर्ण पुस्तके रद्दीतून तरी मिळतात. या कथांना रद्दीही नाही. यवतमाळात १९७३ मध्ये गदिमांच्या आणि २०१९ मध्ये अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय साहित्य संमेलने झाली. एवढा मांडव दोनदा घालणाऱ्या जिल्ह्यातल्या एखाद्या महाविद्यालयाच्या मराठी विभागाने इथल्या पोरापोरींच्या निवडक भयकथा गोळा करून, लेखकांची परवानगी घेऊन, साध्या बांधणीत ठेवल्या तरी पुरे. निवडताना कोणीतरी त्या शेवटच्या दोन पानांवर काट मारावी, आणि शुद्धलेखन सुधारताना 'काहून'चे 'का' तेवढे करू नये.