चुकलेल्या संदेष्ट्याचं काय करायचं?

जानेवारी २०२१ मध्ये जेरेमाया जॉन्सन या अमेरिकन ख्रिस्ती उपदेशकानं जाहीर माफी मागितली. डोनाल्ड ट्रम्प सलग दुसऱ्यांदा निवडून येणार असं देवानं आपल्याला सांगितलंय, असं तो म्हणत होता. तसं झालं नाही. मी चुकलो, एवढंच त्याचं म्हणणं. पुढच्या काही दिवसांत त्याला हजारो ईमेल आले आणि जिवे मारण्याच्या धमक्याही. लोक चिडले ते भविष्य चुकलं म्हणून नाही, तर त्यानं ते चुकलं हे कबूल केलं म्हणून. मार्चमध्ये त्यानं स्वतःच्या नावानं चालणारी संस्था बंद केली. (२०२४ मध्ये ट्रम्प निवडून आले, पण त्यामुळे २०२० चं भाकीत खरं ठरत नाही.)

आजही देव प्रेषित आणि संदेष्टे नेमतो, असं मानणाऱ्या या चळवळीवर ख्रिस्ती मंडळींनीच बरंच लिहिलंय. ते वाचताना मी जॉन्सनचं हे प्रकरण कायम शेजारी ठेवलं होतं. टीका इथपर्यंत पोचते का, हे मला बघायचं होतं.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. एरवी आपण ‘प्रेषित मुहम्मद’ म्हणतो, पण मराठी बायबलमध्ये प्रेषित म्हणजे येशूनं पाठवलेले पेत्र, पौल यांच्यासारखे लोक. देवाचा निरोप सांगणारा तो संदेष्टा. ही दोन्ही पदं आता परत आली आहेत, असं सांगणाऱ्या प्रवाहाला ‘न्यू अपोस्टॉलिक रिफॉर्मेशन’ हे नाव दिलं सी. पीटर वॅग्नर यांनी, १९९० च्या दशकात. वॅग्नर कॅलिफोर्नियातल्या फुलर सेमिनरीत प्राध्यापक होते. नव्या मंडळ्यांमधला सर्वांत मोठा बदल कोणता, हे त्यांनी स्वतःच सांगून ठेवलंय: आध्यात्मिक अधिकार समित्यांकडून व्यक्तींकडे गेला. विरोधकानं करावा असा आरोप इथे संस्थापकच कौतुकानं सांगतो!

टीकाकारांमध्ये सगळ्यांत मोठा आवाज जॉन मॅकार्थर यांचा. ‘स्ट्रेंज फायर’ (२०१३) या पुस्तकात ते म्हणतात की चमत्कार, अन्य भाषा, संदेश ही दानं पहिल्या प्रेषितांच्या काळाबरोबर संपली. एकदा हे मान्य केलं की आजचा प्रत्येक संदेष्टा आपोआप खोटा ठरतो. मला ही टीका सोपी वाटते, आणि फुकट गेलेली. जगभरचे कोट्यवधी साधे पेंटेकॉस्टल लोक तिच्यात ओल्याबरोबर सुकं जळावं तसे जळतात, आणि ज्यांनी ऐकायला हवं ते पहिल्याच पानावर पुस्तक मिटतात.

डग्लस गीव्हेट आणि हॉली पिव्हेक यांचं २०१४ चं पुस्तक यापेक्षा कितीतरी न्यायी आहे. चमत्कार होत नाहीत असं ते म्हणत नाहीत. ते विचारतात, या लोकांना एवढा अधिकार कुणी दिला? इफिसकरांस पत्रात प्रेषित आणि संदेष्टे हे मंडळीचा पाया आहेत असं म्हटलंय. पाया एकदाच घालतात, दर मजल्याला नाही. भाषा कोरडी आहे खरी, वकिली नोटीस वाचल्यासारखी. पण मुद्दा पक्का. अन्य भाषांत प्रार्थना करणाऱ्या ‘असेंब्लीज ऑफ गॉड’ या पेंटेकॉस्टल पंथानंही २००१ मध्येच जाहीर केलं होतं की मंडळीला आज अशा पदांची गरज नाही. घरातल्याच माणसानं कान धरावा तसं.

तरी कान धरून काही झालं नाही. २००८ मध्ये फ्लॉरिडातल्या लेकलँडला टॉड बेंटली नावाचा कॅनडियन प्रचारक रोज रात्री सभा घेत होता आणि टीव्हीवरून त्या जगभर दिसत होत्या. रोग बरे करताना तो आजारी माणसांना लाथा आणि गुडघे मारायचा, आणि तशी देवाचीच आज्ञा आहे म्हणायचा. २३ जूनला वॅग्नर आणि इतर ‘प्रेषितांनी’ मंचावर येऊन त्याला जाहीर मान्यता दिली. ऑगस्टमध्ये तो पत्नीपासून वेगळा होतोय अशी बातमी आली आणि सभा संपल्या. एवढे प्रेषित आणि संदेष्टे एका मंचावर, पण पुढच्या दोन महिन्यांतलं एकालाही दिसलं नाही. बेंटली सेवेला अपात्र आहे, हे इतर ख्रिस्ती पुढाऱ्यांच्या गटानं चौकशी करून सांगितलं ते जानेवारी २०२० मध्ये. म्हणजे साडेअकरा वर्षांनी.

इथे मला ‘डिडाखे’ आठवतं. पहिल्या-दुसऱ्या शतकातली ही छोटी ख्रिस्ती नियमपुस्तिका हरवली होती. तिचं हस्तलिखित सापडलं आणि १८८३ मध्ये छापलं गेलं. तिच्या काळात प्रेषित आणि संदेष्टे खरोखरच गावोगाव हिंडत होते, त्यामुळे तिचा सल्ला अगदी व्यवहारी आहे. प्रेषित आला तर एक दिवस ठेवा, गरज असेल तर दोन. तिसऱ्या दिवशीही हलला नाही तर तो खोटा. निघताना भाकरीपलीकडे काही मागितलं, पैसे मागितले, तर खोटा. गंमत म्हणजे आत्म्यात बोलणाऱ्या संदेष्ट्याची परीक्षा घेऊ नका, असंही तीच पुस्तिका बजावते. बोलणं नाही, वागणं तपासायचं.

पाया एकदाच घातला जातो हे मला पटतं, पण जॉन्सनला धमक्या देणाऱ्यांना त्याचं काय? त्यांना डिडाखेची कसोटी लावायची तरी कशी? ती गावासाठी लिहिलेली आहे, जिथे पाहुणा कुणाच्या तरी ओसरीवर झोपतो आणि घरची बाई त्याचे दिवस मोजते. पौलानं करिंथकरांना सांगितलं की दोघा-तिघांनी संदेश द्यावा आणि बाकीच्यांनी तो पारखावा. तिथेही बोलणारे आणि पारखणारे एकाच खोलीत बसलेले आहेत. आजचा संदेष्टा फोनमध्ये राहतो. त्याला ओसरी लागत नाही आणि देणगीचं बटण त्याच्या व्हिडिओखालीच असतं. एप्रिल २०२१ मध्ये मायकल ब्राउन आणि जोसेफ मॅटेरा यांनी पुढाकार घेऊन संदेष्ट्यांसाठी आचारसंहिता काढली: जाहीर भाकीत चुकलं तर चूकही जाहीर कबूल करावी. जॉन्सननं नेमकं हेच तीन महिने आधी केलं होतं, आणि तोवर त्याची संस्था बंदही झाली होती.