'असूड'मधली साखळी आणि सुप्याची होळी

आमच्या शाळेच्या भिंतीवर 'शेतकऱ्याचा असूड'मधली ती प्रसिद्ध साखळी रंगवलेली होती. विद्या, मती, नीती, गती, वित्त. मुले शिकली की घरात पैसा येतो, एवढाच अर्थ आम्ही घेतला. पुढे अनेक अभ्यासकांनीही तेवढाच घेतलेला पाहिला. यंदा १८८३ सालचा हा ग्रंथ पुन्हा वाचताना मला हे वाचन अपुरे वाटू लागले.

अडचण ग्रंथाच्या आठ वर्षे आधीची आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली. त्यांचा मुख्य रोख कर्जरोख्यांवर होता. रोखे मागून घेतले, जाळले. त्यांतल्या बहुतेकांना त्या कागदावरचे अक्षर वाचता येत नव्हते. पण आपली जमीन कोणत्या कागदात अडकली आहे हे त्यांना पक्के ठाऊक होते. मग त्यांना अडाणी कसे म्हणायचे?

आता दुसरी बाजू पाहू. १८५९च्या कायद्याने कर्जाच्या दाव्याला मुदत घातली. हेतू कुळाच्या भल्याचा. पण सावकार दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेऊ लागला. दंग्यांनंतर १८७९चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. रोख्यामागचा खरा व्यवहार तपासण्याची मुभा न्यायालयाला मिळाली. तेव्हा गहाणाऐवजी थेट खरेदीखत करून घेण्याची वाट निघाली. म्हणजे कायदा बदलला की माणसे शिकतात. पण ज्याच्या हाती कागद, वकील आणि फुरसत असते, तो आधी शिकतो.

डग्लस नॉर्थ या अर्थशास्त्रज्ञाला १९९३ साली नोबेल मिळाले. संस्था म्हणजे व्यवहाराच्या खेळाचे नियम, आणि हे नियम माणसांच्या मनातील समजुतींवर उभे असतात, हे त्याच्या उत्तरायुष्यातील लेखनाचे सार. फुल्यांना नॉर्थचे पूर्वसुरी ठरवण्याचा मोह होतो, पण तो मी टाळतो. नॉर्थ समाजात वाटून घेतलेल्या समजुतींबद्दल बोलतो. फुले विचारतात की ही वाटणी केली कोणी आणि तिचा नफा कोणाच्या घरी गेला. 'असूड'च्या पहिल्या प्रकरणात जन्मापासून मरणापर्यंतच्या विधींचा खर्च ते एकामागून एक मांडतात, तो याच हिशेबासाठी. तिथे श्रद्धा ही खर्चाची बाब होते. दुसऱ्या प्रकरणात तेच ज्ञान सरकारी कचेरीत, कारकुनाच्या लेखणीत बसलेले दिसते.

त्यामुळे साखळीतली पहिली कडी, विद्या, मी साक्षरता म्हणून वाचत नाही. नियम कोणी केला, तो कोणाच्या सोयीचा आहे आणि तो बदलता येतो, हे कळणे म्हणजे ती विद्या. सुप्याच्या शेतकऱ्यांना तिचा अर्धा भाग अवगत होता. कागद जाळायचा कसा हे कळले होते. नवा कागद लिहिणे मात्र दुसऱ्यांच्याच हाती राहिले.

ग्रंथात एक उणीव मला जाणवते. साखळी एकाच दिशेने जाते. वित्त नाही म्हणून विद्या नाही, हा उलटा फेरा तिच्यात नाही. तो सापडतो १८८२च्या हंटर आयोगापुढील फुल्यांच्या निवेदनात. गरिबाच्या मुलाला गुरे राखावी लागतात, शेतसारा रयत भरते आणि शिक्षणाचा लाभ वरच्यांना मिळतो, हे तिथे त्यांनी स्पष्ट मांडले आणि प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. ही दोन लेखने एकत्र वाचली, तरच वर्तुळ पुरे होते.

आज अंगठ्याच्या जागी सही आली. तरीही पीकविम्याच्या किंवा कर्जाच्या अर्जावरील बारीक अक्षरांतल्या अटी पूर्ण वाचून सही करणारे किती? मी स्वतः करत नाही. भिंतीवरची ती साखळी पाठ असूनही पहिल्या कडीपाशी आपण अजून थांबलेलो आहोत, असे मला वाटते.