खर्चाच्या रकान्यातला माणूस

कृषी अर्थशास्त्र विभागाचा वार्षिक वृत्तांत हेही वाङ्मयच आहे. त्याची समीक्षा झाली पाहिजे. विदर्भाचे कृषी विद्यापीठ १९६९ मध्ये अकोल्याला स्थापन झाले. अशा विभागांच्या बातम्या, म्हणजे चर्चासत्रे, प्रबंध, कापसाचा उत्पादनखर्च, पवनारात बसून मी वाचतो ते या कथेचा नायक कोण हे पाहण्यासाठी.

उत्पादनखर्चाची देशभर रूढ असलेली पद्धत पाहा. 'ए-२'मध्ये बियाणे, खत, मजुरी आणि मक्त्याच्या जमिनीचे भाडे येते. त्यात कुटुंबाचे श्रम मिळवतात. 'सी-२'मध्ये स्वतःच्या जमिनीचे कल्पित भाडे आणि भांडवलावरचे व्याजही धरतात. म्हणजे मालकीलाही मोल आहे. कापूस वेचणारी भूमिहीन बाई मात्र निव्वळ खर्च! माझी आई वेचणीला जायची. तिची मजुरी वाढली की हिशेबात तोटा वाढतो; तिच्या चुलीवर काय शिजले, याला रकाना नाही.

कोरडवाहू शेतकऱ्याची 'सी-२'ची मागणी न्याय्यच आहे. माझा आक्षेप या अपुऱ्या हिशेबाला आहे. बाबासाहेबांनी १९१८ च्या निबंधात दाखवले की शेताचा आकार एकटा काही सांगत नाही. त्याला जोडलेले श्रम व भांडवल पाहावे लागते, आणि शेतीवरच्या अतिरिक्त माणसांसाठी उद्योग उभारावे लागतात. पवनारच्या विनोबांच्या १९५१ च्या भूदानात भूमिहीन हा दान घेणारा होता. दादासाहेब गायकवाडांच्या १९६४-६५ च्या भूमी सत्याग्रहात तो हक्क मागणारा झाला. विद्यापीठीय गद्यात तो अजून खर्चच आहे. नवा रकाना या विभागांत शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनीच आखावा.