पत्ता नसलेले दगड

शालेय विज्ञान प्रदर्शनात दगडांची एक पेटी हमखास असते. कापसावर मांडलेले पंधरा-वीस नमुने, प्रत्येकाखाली नावाची चिठ्ठी: बेसॉल्ट, ग्रॅनाइट, संगमरवर, गारगोटी. मध्यभागी चकाकणाऱ्या स्फटिकांचा एखादा झुबका. परीक्षक तो पाहून खूश होतात आणि गुण देऊन पुढे सरकतात. या पेट्यांवर आमचा एक आक्षेप आहे. चिठ्ठीवर दगडाचे नाव असते, पण गाव नसते.

गाव नसल्याने काय बिघडते, हे दोन उदाहरणांवरून पाहू.

पुढे ठगांच्या बंदोबस्तामुळे प्रसिद्धीस आलेले विल्यम स्लीमन हे लष्करी अधिकारी. १८२८ साली त्यांना जबलपूरजवळच्या बडा सिमला टेकडीवर काही अश्मीभूत हाडे सापडली. स्लीमन भूशास्त्रज्ञ नव्हते. 'डायनोसॉर' हा शब्दही तेव्हा अस्तित्वात नव्हता. तो १८४२ साली आला. पण हाडे कोठे मिळाली याची नोंद टिकली. १८७७ मध्ये रिचर्ड लिडेकर यांनी त्यांतील मणक्यांचा आधार घेऊन 'टायटॅनोसॉरस इंडिकस' हे नाव दिले. विसाव्या शतकात चार्ल्स मॅटली यांनी त्याच टेकडीवर उत्खनन करून आणखी डायनोसॉरांचे अवशेष मिळवले. लिडेकर यांनी दिलेले नाव ग्राह्य धरावे की नाही, याबद्दल आज मतभेद आहेत. टेकडीबद्दल मात्र कोणाचाही वाद नाही.

दुसरे उदाहरण याच्या नेमके उलट आहे. पंजाब विद्यापीठातील प्राध्यापक विश्वजित गुप्ता यांनी हिमालयातील जीवाश्मांवर सुमारे पाव शतक शेकडो निबंध प्रसिद्ध केले. १९८९ साली जॉन टॅलंट या ऑस्ट्रेलियन पुराजीवशास्त्रज्ञांनी 'नेचर' नियतकालिकात त्यांवर गंभीर आक्षेप घेतले. शाळिग्रामात ज्यांचे ठसे दिसतात त्या अमोनाइटांचे पूर्वज गुप्ता यांनी हिमालयातील म्हणून सादर केले होते. ते नमुने मोरोक्कोत सापडणाऱ्या आणि दुकानांतून विकल्या जाणाऱ्या नमुन्यांशी हुबेहूब जुळत होते. जीवाश्म खरे होते, खोटा होता तो पत्ता. पण तेवढ्याने हिमालयाच्या थरांचे वय व क्रम यांविषयीचे कितीतरी निष्कर्ष संशयास्पद ठरले. हौशी माणसाचा खरा पत्ता विज्ञानाच्या कामी आला आणि प्राध्यापकाच्या खोट्या पत्त्याने विज्ञानाची वाट चुकवली.

आता आपल्या अंगणात येऊ. महाराष्ट्राचा बराचसा भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या थरांनी बनलेला आहे. लाव्हारस थिजताना त्यातील वायूंचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. पुढे खडकात झिरपणाऱ्या कोमट-गरम पाण्याने विरघळलेली द्रव्ये या पोकळ्यांत आणून सोडली. त्यांतून स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट, अॅपोफिलाइट यांचे सुंदर स्फटिक वाढले. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतील निळे कॅव्हन्साइट तर जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहे. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकॉन या घटकांच्या नावांची आद्याक्षरे जोडून त्याचे नाव तयार झाले.

अशा पोकळीत कोणता स्फटिक कोणावर बसला आहे हे पाहिले, की आधी कोण तयार झाले आणि नंतर कोण, हे कळते. पोकळी लाव्हाथराच्या माथ्याशी होती की मध्यावर, हेही महत्त्वाचे असते. एकच देखणा स्फटिक छिन्नीने सुटा काढून आणि घासूनपुसून पेटीत ठेवला, की ही माहिती संपली. बाजारातून घेतलेल्या नमुन्याच्या चिठ्ठीवर तर बरेचदा 'जळगाव' किंवा 'नाशिक' एवढेच असते. एवढ्यावरून खाणीपर्यंत कोणी पोहोचू शकत नाही.

यावर कोणी म्हणेल, संग्राहकांनी उचलले नसते तर हे स्फटिक क्रशरमध्ये जाऊन त्यांची खडी झाली असती. हे खरे आहे, आणि त्याबद्दल संग्राहकांचे ऋण मानले पाहिजे. खाणीतून निघालेला दगड जरूर उचलावा, पण नोंदीसह उचलावा.

जीवाश्मांचा नियम मात्र वेगळा हवा. स्फटिकांच्या पोकळ्या असंख्य आहेत. जीवाश्मांच्या जागा मोजक्या असतात. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथे डायनोसॉरांच्या काळातील अश्मीभूत विष्ठेचे गोळे मिळतात. दिसायला ते अगदी सामान्य आहेत. पण २००५ साली संशोधकांना त्यांत गवताचे सूक्ष्म सिलिकाकण आढळले. डायनोसॉरांच्या काळी गवत होते याचा हा पुरावा ठरला. हा गोळा प्रदर्शनाच्या पेटीत आला असता, तर चकाकी नाही म्हणून त्याला गुण मिळाले नसते. तो कोठला हे न लिहिता कोणी घरी नेला असता, तर त्याचे वय सांगणारा थरच हरवला असता. म्हणून जीवाश्म दिसला तर तो जागीच ठेवावा, छायाचित्र काढावे, जागा लिहून घ्यावी आणि जवळच्या महाविद्यालयातील भूशास्त्र विभागाला कळवावे.

शिक्षकांनी मुलांना दगड वेचू द्यावेत; हा छंद फार चांगला आहे. चालू खाणीत मात्र परवानगीशिवाय जाऊ नये आणि सुरुंग लावायच्या वेळी तर मुळीच नाही. प्रत्येक दगडावर शाईने क्रमांक घालावा आणि वहीत त्या क्रमांकापुढे गाव, नेमकी जागा, तारीख, आसपासचा खडक व वेचणाऱ्याचे नाव लिहावे. खनिजाचे नाव माहीत नसेल तर तो रकाना कोरा ठेवावा. तो दहा वर्षांनीही भरता येतो. जागेचा रकाना त्याच दिवशी भरला नाही, तर पुढे कोणालाच भरता येत नाही.

परीक्षकांनाही एक विनंती. पुढच्या प्रदर्शनात पेटी पाहण्याआधी वही मागावी.