झगमगाट आणि उजेड

गेल्या माघात धाराशिवला आमच्या भाचीचे लग्न झाले. हल्लीच्या चालीप्रमाणे वधूवरांना त्याआधी नळदुर्गच्या किल्ल्यात नेऊन, फॅशनच्या मासिकांत असतात तशी त्यांची छायाचित्रे काढली. अल्बम घरी आला, सगळ्यांनी वाहवा केली. आमच्या आईने मात्र दोनदा चष्मा पुसला आणि विचारले, "ही कुणाची लेक हाय? आपली पोरगी कुठंय?"

या प्रश्नापुढे कसली टीका करायची! तरीही कारण सांगतो. भाची सावळी आहे, चांगली तजेलदार सावळी. फ्लॅश बसवला होता कॅमेऱ्याच्या माथ्यावर. दिवा आणि भिंग एकाच दिशेला असले की सावली चेहऱ्यामागे दडते. नाक, गाल, हनुवटी यांची चढउतार दिसेनाशी होते. उरलेले सावळेपण मग संगणकावर धुऊन काढले. जरीचे तर विचारूच नका. जर हा आरसाच. समोरचा दिवा लहान, म्हणून पदरावर चार पांढरे डाग आणि बाकीची जर काळवंडलेली! तोच दिवा पांढऱ्या कापडाआडून, बाजूने आणला असता तर सारी वेलबुट्टी उजळली असती. कारण प्रकाशाचा मऊपणा त्याच्या जोरात नसतो. दिवा जवळ किती आणि मोठा किती, यात असतो. सूर्य प्रचंड खरा, पण इतका दूर की आकाशात टिकलीएवढा. म्हणून आमच्याकडची उन्हाळ्यातली सावली सुरीने कापल्यासारखी पडते. ढग आला की अवघे आभाळच दिवा होते.

हे मर्म गौतम राजाध्यक्षांना (१९५०–२०११) पुरते उमगले होते. जाहिरातीच्या व्यवसायातून आलेल्या या कलावंताचे 'चेहरे' वाचकांनी जरूर पाहावे. त्यांचा उजेड चेहऱ्यावर आदळत नाही, उतरतो. माझी तक्रार एवढीच की कधी कधी त्या मऊपणात वयाच्या रेषाही विरघळतात आणि संगमरवर हाती लागतो. पण माणूस हरवत नाही. आमच्या अल्बमात नेमका तोच हरवला.

आणि नळदुर्गात उपाय हाताशी होता! बोरी नदीच्या बंधाऱ्याच्या पोटात, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला पाणीमहाल आहे. तिथे खिडकीशी मुलीला आडवी बसवायची. मागे काळा दगड. तो उजेड फारसा परतवत नाही, म्हणून दुसऱ्या गालाकडे एक पांढरे धोतर धरायचे. आडवा उजेड सावळ्या गालावर चकाकीची रेघ ओढतो, आणि सावळा रंग खुलतो तो त्या रेघेने, पांढरा केल्याने नव्हे. खर्च शून्य.

छायाचित्रकाराला मी हे बोललो. बिचारा म्हणाला, "काका, मला कळत नाही का? पण लोक गोरंच मागतात." मी अक्काकडे पाहिले. ती खाली मान घालून अल्बमची पाने चाळू लागली. मागणी तिचीच होती.

हळदीच्या सकाळी कुणीतरी मोबाइलवर काढलेले एक छायाचित्र आहे. भाची ओसरीच्या दाराशी बसली आहे, एका गालावर अंगणातला उजेड, दुसऱ्यावर घरातला अंधार. आईने तेवढेच छापून आणायला लावले.