पाच विजय, एकोणीस पराभव

गुणवत्ता हा शब्द आपल्याकडे जितका सोवळा, तितकाच तो अमेरिकेतही आहे. तिथल्या विद्यापीठांमधील फुटबॉलचा, म्हणजे चेंडू हातात घेऊन धावण्याच्या खेळाचा, मुख्य प्रशिक्षक ही मोठी असामी असते. कित्येक राज्यांत सर्वाधिक पगाराचा सरकारी नोकर तोच. मैदानात काळे खेळाडू मोठ्या संख्येने घाम गाळतात. प्रशिक्षकाच्या खुर्चीचा प्रश्न आला की सर्वांना गुणवत्ता आठवते.

डिसेंबर २००८ मध्ये अलाबामातील ऑबर्न विद्यापीठाने प्रशिक्षक निवडला. उमेदवारांत टर्नर गिल हे काळे प्रशिक्षक होते. २००६ साली त्यांचा बफेलोचा संघ २ सामने जिंकला, १० हरला. दोनच वर्षांनी तो आपल्या गटाचा विजेता झाला. निवड मात्र झाली जीन चिझिक या गोऱ्या प्रशिक्षकाची. आयोवा स्टेटमधील त्यांच्या दोन वर्षांचा हिशेब होता ५ विजय, १९ पराभव. ऑबर्नचेच माजी विद्यार्थी, बास्केटबॉलपटू चार्ल्स बार्कली यांनी गिल यांचा रंग आडवा आला असे उघडपणे म्हटले.

प्रतिपक्षाचे म्हणणे टाळून चालणार नाही. चिझिक यांनी पूर्वी ऑबर्नमध्येच बचावफळी चांगली सांभाळली होती. शिवाय २०१० साली त्यांच्या संघाने एकही सामना न हरता राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. मग समितीचे चुकले कुठे?

हिशेब पुढे वाचावा. गिल यांना नंतर कॅन्सस विद्यापीठाने घेतले. २०१० आणि २०११ या दोन वर्षांत त्यांचेही ५ विजय, १९ पराभव झाले. आकडे तेच, एकाला बढती, दुसऱ्याला नारळ. एकाच्या बाबतीत जुने काम आठवले. दुसऱ्याचा बफेलोतील विजय तराजूत कोणी टाकलाच नाही. एका जोडीवरून सिद्धांत उभा राहत नाही, हे मान्य. पण चिझिक यांचे अजिंक्यपद आपल्याच बाजूने साक्ष देते. हरलेल्या माणसाला भक्कम संघ, पैसा आणि विश्वास मिळाला की तो उभा राहतो. गुणवत्ता दिसायला आधी संधी लागते.

ओरेगन राज्याने २००९ साली कायदा केला : सरकारी विद्यापीठांनी मुख्य प्रशिक्षक नेमताना निदान एका गोरेतर उमेदवाराची मुलाखत घ्यावी. मुलाखत म्हणजे नेमणूक नव्हे, हे आम्हांला कोणी शिकवायला नको. एका मुलाखतीत मला विषयावर दोन प्रश्न विचारले गेले; तिसरा होता, ‘मूळ गाव कोणते?’ गाव सांगूनही समितीचे समाधान होईना. राखीव जागेपुढे ‘योग्य उमेदवार मिळाला नाही’ हा शेरा आपल्यापैकी अनेकांनी वाचला आहे.

म्हणून ‘योग्य कोण?’ या वादात अडकण्याआधी विचारावे, अपयशाची मुभा कोणाला आहे? आपण आपल्या माणसासाठी जिंकण्याची संधी मागतो. हरून पुन्हा उभे राहण्याची संधीही मागितली पाहिजे.