‘भूमिका’ हा पुरावा नाही

हंसा वाडकरांवर सिनॉप्सिस लिहायचं ठरलं की बहुतेक जण आधी श्याम बेनेगलांचा ‘भूमिका’ (1977) पाहतात. पाहा, जरूर पाहा. स्मिता पाटील यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो उगाच नाही. पण हंसाबाईंच्या आयुष्याचा पुरावा म्हणून तो प्रबंधात आणू नका. बेनेगलांनी नायिकेचं नाव उषा ठेवलं, पडद्यावरचं उर्वशी. आपण चरित्र काढत नाही, हे त्यातच आलं. आम्हा विज्ञानवाल्यांच्या भाषेत, हे मॉडेल आहे, निरीक्षण नाही.

मग निरीक्षण कुठलं? ‘सांगत्ये ऐका’ हे 1970 चं आत्मकथन? तिथंही जरा जपून. बाई बोलल्या, शब्दांकन अरुण साधूंचं. पुस्तक जबरदस्त आहे; दारू, संसार, पुरुष, काहीच झाकलेलं नाही. पण कोणती गोष्ट कोणत्या प्रश्नावर निघाली, काय गाळलं गेलं, हे छापील पानावर कसं दिसणार? मोकळेपणानं सांगितलेलं सगळंच तपासून झालेलं असतं, असं नाही. आणि नाव पाहा: तेही अनंत मानेंच्या 1959 च्या तमाशापटाचं, ज्यात त्यांनी काम केलं होतं! स्वतःचं आयुष्य सांगतानाही वर पाटी सिनेमाचीच.

माझी खरी तक्रार पुढं आहे. या दोन्हींवर लिहिणारे नवरा, प्रियकर आणि बाटली यांतच अडकतात. अहो, अभिनयाचं काय? 1941 मध्ये ‘प्रभात’च्या ‘संत सखू’त ही बाई सखू होते आणि सहाच वर्षांनी ‘लोकशाहीर रामजोशी’त तमाशातली बया. नजर, चाल, शब्द टाकण्याची पद्धत, यांत काय बदललं? हे कोणत्याही मुलाखतीशिवाय तपासता येतं.

शिवाय रामजोशीची हिंदी आवृत्तीही निघाली, ‘मतवाला शायर रामजोशी’. नटी तीच, भूमिका तीच, भाषा वेगळी. प्रयोगशाळेत अशी तुलना मिळायला नशीब लागतं! फिल्म मिळाली तर भातकुलीत बसूनही काम सुरू होतं: वही, मोबाइलचं स्टॉपवॉच, आणि कॅमेरा बयेच्या चेहऱ्यावर किती सेकंद थांबतो याची नोंद. मी असते तर सुरुवात तिच्या पहिल्या लावणीपासून केली असती, आधी आवाज बंद करून.